फोकस बदलले आणि डिमर रुसला

आमच्या सोसायटीच्या गणपतीत लाइटिंग म्हणजे काय तर चार हॅलोजनचे फोकस आणि एक हिरवा पत्र्याचा डबा. डबा म्हणजे डिमर. वर काळा जाडजूड नॉब, बाजूला सॉकेट आणि झाकणावर ऑइलपेंटने लिहिलेलं "२००० वॉटच्या वर लावू नये". आरतीच्या वेळी लाइट हळूच खाली आणायचा आणि मुलांच्या कार्यक्रमात पडदा उघडला की काळोखातून वर न्यायचा, हे काम पहिल्या मजल्यावरचे अप्पा वर्षानुवर्षं करतायत, दुसऱ्या कोणी नॉबला हात लावलेला त्यांना खपत नाही. फोकस प्रत्येकी ५०० वॉटचे, ती काचेची लांब कांडी असते ना, त्यातले. चार मिळून दोन किलोवॉट, म्हणजे साधारण पावणेनऊ अँपियर, आणि मांडवात अशी भट्टी पेटायची की पुढच्या रांगेतल्या काकू पदराने वारा घेत आरती म्हणायच्या.

तर कमिटीत ठरलं की एलईडी घ्यायचे. ५० वॉटचे चार. दोन हजार वॉटचे दोनशे वॉट, बिल वाचलं, उकाडा वाचला, टाळ्या. मी त्या मीटिंगला नव्हते, बीकेसीहून घरी यायलाच नऊ वाजतात, पण माझा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा आहे हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे (बँकेत बसून एक्सेल भरते हेही माहीत आहे, पण ते सोयीने विसरतात), त्यामुळे प्रतिष्ठापनेच्या आदल्या रात्री साडेदहाला बेल वाजली आणि दारात अप्पा. "सूनबाई, जरा खाली ये. डबा रुसलाय."

खाली जाऊन बघितलं तर अप्पांनी जुन्या डब्यालाच नवे फोकस लावले होते. नॉब पूर्ण वर, मस्त लख्ख उजेड. मग फिरवायला लागले. पाव फिरवला, काही नाही. अर्धा फिरवला, लाइट तसाच, फक्त फोकसमधून झूंऽऽ असा आवाज यायला लागला. आणखी थोडा खाली, आणि चारही फोकस लपलप लपलप, एकही दुसऱ्याशी जुळून नाही, जणू विसर्जनाची मिरवणूक आजच आहे. शेवटी नॉब शून्यावर, तरीही काचेच्या मागे एक मंद पिवळा डाग शिल्लकच, आणि दर दोन-तीन सेकंदांनी त्यातला एखादा मध्येच डोळा मारून जायचा.

वायरमन म्हणाला डबा खराब झाला. डबा खराब नव्हता. त्याला जुना हॅलोजन लावून दाखवला, लोण्यासारखा खाली आला.

आता हे असं का होतं ते सांगते, कारण हे कळलं की कुठला डिमर घ्यायचा हा प्रश्न निम्मा सुटतो. आपल्याकडे २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला शंभर अर्ध्या लाटा, एक अर्धी लाट १० मिलिसेकंदांची. जुन्या डिमरमध्ये ट्रायॅक नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच असतो, तो प्रत्येक अर्ध्या लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो. नॉब अर्ध्यावर असेल तर पहिली ५ मिलिसेकंद बंद, मग एकदम चालू. हॅलोजनच्या तारेला याचं काही सोयरसुतक नाही, ती तापलेली असते, पाच-दहा मिलिसेकंदात थंड होत नाही, सरासरी जेवढी वीज मिळेल तेवढी उजळते. एलईडीचं तसं नाही, कारण डिमर एलईडीशी बोलतच नाही. तो बोलतो मध्ये बसलेल्या ड्रायव्हरशी, म्हणजे २३० ची वीज एलईडीला हवी तशी करून देणाऱ्या सर्किटशी. आमचे लोक त्याला चोक म्हणतात, काही जण अडॅप्टर म्हणतात, काहीही म्हणा. फोकसच्या मागचं झाकण उघडलं तर आत तो चपटा डबा होता आणि त्यावर छापलेलं, इनपुट एसी १०० ते २६५ व्होल्ट, आउटपुट डीसी ३० ते ३६ व्होल्ट, १५०० एमए, म्हणजे मिलिअँपियर. वाचलंत? शंभर ते दोनशे पासष्ट. म्हणजे त्या बिचाऱ्याला नेमलंच आहे यासाठी की बाहेर व्होल्टेज कितीही वरखाली होऊ दे, आत एलईडीला दीड अँपियर म्हणजे दीड अँपियर. आणि आपण नॉब फिरवून नेमकं तेच वरखाली करत होतो. तो म्हणतो व्होल्टेज पडलं वाटतं, मग तो जास्त करंट ओढतो आणि उजेड टिकवून धरतो. अगदीच जमेना झालं की बंद पडतो, दम खाऊन परत चालू होतो, परत बंद. तीच ती लपलप. झूं आवाज येतो तो यासाठी की नॉब अर्ध्यावर असताना ट्रायॅक उघडतो तेव्हा लाट बरोब्बर शिखरावर असते, सव्वातीनशे व्होल्ट, आणि तेवढं सगळं एका फटक्यात ड्रायव्हरच्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर आदळतं, सेकंदाला शंभर वेळा.

शिवाय ट्रायॅकला चालू राहायला स्वतःलाही थोडा करंट सतत वाहता लागतो. हॅलोजन तो आरामात द्यायचा. ड्रायव्हर मात्र घोटाघोटाने पितो, मध्ये करंट पडला की ट्रायॅक सुटतो. आणि शून्यावर उरलेला तो मंद डाग म्हणजे डिमरच्या आतल्या, रेडिओतली खरखर दाबणाऱ्या सर्किटमधून झिरपणारा करंट. पाचशे वॉटच्या कांडीला तो जाणवायचाही नाही, एलईडीला तेवढा पुरतो. ज्यांच्या घरी लाल इंडिकेटरवाले स्विच आहेत त्यांचे एलईडी बल्ब बंद केल्यावरही रात्री मिणमिणतात ना, तोच प्रकार.

त्या रात्री वायरमनने एक जुगाड केला, सगळ्यांनाच माहीत असलेला, फोकसच्या जोडीला पडद्यामागे एक शंभर वॉटचा साधा पिवळा बल्ब लावला. डमी लोड, म्हणजे डिमरमधून पुरेसा करंट वाहता राहावा म्हणून जोडलेलं ओझं. थोडा फरक पडला हे कबूल करते, लपलप कमी झाली, पण अर्ध्याच्या खाली काही जाईना, आणि मुख्य म्हणजे तो बल्ब कापडाच्या झालरीपासून वीतभर अंतरावर लटकत होता. थर्माकोल २०१८ ला बंद झाला म्हणून काय झालं, कापड आणि कागदाची फुलं पेट घेत नाहीत थोडीच. मी तो काढायला लावला. त्या वर्षी आरती फुल लाइटमध्ये झाली आणि अप्पा पाच दिवस नीट बोलले नाहीत.

नंतर एका शनिवारी लोहार चाळीत गेले. क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूने आत शिरलं की विजेच्या सामानाचं आख्खं जंगल आहे, तिथे एका दुकानात मी मोठ्या थाटात विचारलं, दोनशे वॉट एलईडीसाठी चांगल्यातला डिमर दाखवा. शेटजींनी डिमर दाखवलाच नाही. उलट विचारलं, "मॅडम, लाइट डिमेबल है क्या?" म्हटलं नाही बहुतेक. "तो फिर सोने का डिमर लगाओ, कुछ नहीं होगा. पहले ड्रायव्हर का फोटो दिखाओ." मोबाइलमधला फोटो बघून मान हलवली आणि चहा मागवला. डिप्लोमाला तीन वर्षं घालवून जे मला सुचलं नाही ते त्या माणसाने अर्ध्या मिनिटात सांगितलं.

पण रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून घरच्या हॉलसाठी एक ट्रेलिंग एजचा डिमर आणला. हा प्रकार चांगला आहे, घरातल्या डाउनलाइटना हाच घ्या. तो लाटेची सुरुवात न कापता शेपूट कापतो, म्हणजे लाट शून्यापासून हळूहळू चढते, ड्रायव्हरला धक्का बसत नाही, आवाज जवळजवळ नाही, आणि कमी लोडवरही चालतो. पण लाइटवर डिमेबल लिहिलेलं हवंच. आणि पाकिटावरचा मोठा आकडा बघून फसू नका, तो साध्या बल्बसाठी असतो, एलईडीचा आकडा खाली बारीक अक्षरात वेगळा आणि बराच लहान असतो. तो लिहिलेलाच नसेल तर मी मोठ्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्याच्या वर जात नाही. कमीत कमी लोडचा आकडाही बघा, नाहीतर जुना ४० किंवा ६० वॉट किमान लोडचा डिमर आणाल आणि खाली नऊ वॉटचा एकच बल्ब लावाल, मग परत लपलप. आणि कृपा करून पंख्याचा रेग्युलेटर एलईडीला लावू नका. पायरी-पायरीचा जो असतो त्यात कपॅसिटर असतात, ते पंख्याच्या मोटरसाठी आहेत, ड्रायव्हरसाठी नाहीत. आमच्या शेजारच्या विंगमध्ये एकाने लावलाय आणि "चलता है" म्हणतो. चालत असेल बाबा.

आता मोठ्या वॉटच्या लाइटला काय. इथे मधल्या एका चुकीबद्दल सांगायला हवं. माझा धाकटा दीर, हुशार आहे, यूट्यूब बघून सगळं करतो. तो म्हणाला वहिनी, २३० च्या बाजूने जमत नाही ना, मग ड्रायव्हर आणि एलईडीच्या मध्ये पीडब्ल्यूएम डिमर टाकू, एलईडीच्या पट्टीला लावतात तो. मी ऑफिसात असताना त्याने एका फोकसला टाकलाही. पट्टीचं गणित वेगळं असतं, तिला १२ किंवा २४ व्होल्टचा स्थिर सप्लाय असतो, तिथे पीडब्ल्यूएम डिमर अगदी बरोबर. पण आमच्या फोकसला स्थिर करंटचा ड्रायव्हर. पीडब्ल्यूएम म्हणजे सेकंदाला शेकडो वेळा वायर तोडायची आणि जोडायची. तोडली की ड्रायव्हरला वाटतं करंट जात नाही, म्हणून तो व्होल्टेज वर चढवत नेतो, आणि पुढच्याच क्षणी जोडली की साठलेलं सगळं एलईडीच्या अंगावर. दोन-तीन मिनिटं छान चालला म्हणे, मग फट्. संध्याकाळी बघितलं तर त्या पिवळ्या गोल सीओबीच्या, म्हणजे बऱ्याच चिप एकत्र बसवलेल्या एलईडीच्या, मधोमध तिळाएवढा काळा ठिपका, भोवती तपकिरी कडं. काही चिप अजून पेटत होत्या, एक पट्टा मेलेला. दिराने तो कीचेनला लावलाय आता.

मग शेवटी जे करायला हवं होतं ते केलं, फोकसच्या बॉडी तशाच ठेवल्या, जळालेला सीओबी बदलला, आणि आतले चारही ड्रायव्हर काढून बाहेरचे डिमिंगवाले ड्रायव्हर घेतले. घेताना तीन गोष्टी जुळवल्या. करंट तोच, १५०० एमए. व्होल्टेजची रेंज अशी की त्यात ३० ते ३६ मावेल. आणि डिमिंगच्या दोन जास्तीच्या वायरी, झिरो टू टेनच्या. बऱ्याच ड्रायव्हरवर थ्री-इन-वन डिमिंग असं लिहिलेलं असतं, म्हणजे त्या दोन वायरींवर ० ते १० व्होल्ट द्या, किंवा १० व्होल्टचा पीडब्ल्यूएम सिग्नल द्या, किंवा नुसता रेझिस्टन्स लावा. मीनवेल कंपनीच्या एचएलजी सिरीजमध्ये मॉडेल नंबरच्या शेवटी बी असेल तर ह्या वायरी असतात, ए असेल तर आत स्क्रू असतो, तो एकदा सेट करून ठेवायचा, मांडवात बसून फिरवायचा नाही. दुकानदार दोन्हीला "डिमिंगवाला" म्हणतात, तेव्हा शेवटचं अक्षर स्वतः वाचा. एक मात्र आहे, ज्यांचे फोकस डीओबी आहेत, म्हणजे एकाच ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर चिप आणि सर्किट सगळं एकत्र, त्यांना ड्रायव्हर बदलायची सोयच नाही, तिथे पैसे घालवू नका.

झिरो टू टेनची मला आवडलेली गोष्ट ही की आता डिमरमधून २३० व्होल्ट जातच नाहीत. दोनशे वॉट असो की दोन हजार, नॉबला फक्त इशारा करायचा आहे. आमच्या ड्रायव्हरच्या डेटाशीटप्रमाणे डिमिंगच्या वायरीतून ड्रायव्हर स्वतःच १०० मायक्रोअँपियर सोडतो. त्यावर १०० के (एक लाख ओम) चा पॉट, म्हणजे नॉब फिरवून कमी-जास्त होणारा रेझिस्टन्स, लावला तर बरोबर १० व्होल्ट होतात, फुल लाइट. चार ड्रायव्हरच्या वायरी एकत्र जोडल्या की ४०० मायक्रोअँपियर, म्हणून पॉट चौथ्या हिश्श्याचा, २५ के. मी लॅमिंग्टन रोडला गेले तर २५ के मिळेना, २२ के मिळाला, पन्नास-साठ रुपयांचा. गुणाकार करून बघा, ४०० गुणिले २२ हजार, ८.८ व्होल्ट येतात, म्हणजे फुलवर ८८ टक्के उजेड. आजवर एकाही माणसाने बारा टक्के कुठे गेले म्हणून विचारलेलं नाही, आणि फोकस जरा थंड राहतात.

पॉट घेताना व्हॉल्यूमला वापरतात तो लॉगचा घेतला, आधी हळू आणि मग भरभर वाढणारा, सारख्या वेगाने वाढणारा लिनिअरचा नाही. कारण डोळा सरळ हिशोब करत नाही. मीटरवर उजेड १० टक्के असला तरी डोळ्याला तो साधारण ३२ टक्के वाटतो, आणि ५० टक्के असला तर ७० च्या पुढे. लिनिअर पॉट लावला की अप्पा अर्धा नॉब फिरवतात आणि म्हणतात काहीच होत नाही, मग शेवटच्या चतकोरात सगळा उजेड धाडकन कोसळतो. लॉगने ते बरंच सरळ झालं. अप्पांना लॉग-बिग काही सांगितलं नाही, फक्त नॉब दिला, त्यांनी दोन वेळा वरखाली करून बघितला आणि म्हणाले, "हां. आता हाताला कळतंय."

तक्रार एकच उरली आणि तीही खरी आहे. हॅलोजन खाली आणला की तो केशरी होत जायचा, मूर्तीच्या चेहऱ्यावर समईसारखा उजेड यायचा. एलईडी ३००० केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप) असला तर मंद झाल्यावरही ३००० केल्व्हिनच राहतो, आणि मंद असताना तो रंग जरा आजारी दिसतो. डिम टू वॉर्म म्हणून प्रकार मिळतो, मंद होताना पिवळा होत जाणारा, पण आमच्या बजेटमध्ये नव्हता. आरतीला निरांजनं असतात म्हणून निभावतं. शिवाय दहा टक्क्यांच्या खाली आमच्या ड्रायव्हरचा भरवसा नाही, पूर्ण काळोख हवा तर २३० चा स्विच वेगळा बंद करावा लागतो. त्या स्विचबद्दलही सांगते, पहिल्या दिवशी चारही ड्रायव्हर एकदम चालू केले की एमसीबी, म्हणजे बोर्डातला जास्त करंटला उडणारा स्विच, उडायचा, लोड अँपियरभरही नसताना. ड्रायव्हर चालू होताना क्षणभर खूप मोठा करंट खेचतात, कपॅसिटर भरायला. बोर्डात बी टाइपचा एमसीबी होता, तो तीन ते पाच पटीला लगेच उडतो, वायरमनकडून त्याच अँपियरचा सी टाइप बसवून घेतला, तो पाच ते दहा पटीला उडतो, प्रश्न मिटला.

मखरातल्या पट्टीचं थोडक्यात. पाच मीटर, मीटरला १४.४ वॉट, म्हणजे ७२ वॉट, २४ व्होल्टवर तीन अँपियर. डिमर मी पाच अँपियरच्या खालचा घेतला नसता. तो एसएमपीएस (२४ व्होल्ट देणारा सप्लाय) आणि पट्टीच्या मध्ये लावायचा, एसएमपीएसच्या आधी नाही. आणि स्वस्तातले डिमर कमी फ्रिक्वेन्सीवर चालतात, डोळ्याला काही दिसत नाही पण मोबाइलमध्ये व्हिडिओ काढला की बाप्पाच्या अंगावरून काळे आडवे पट्टे सरकतात. आणि मांडवात आरतीला डोळ्यांपेक्षा मोबाइलच जास्त असतात, तेव्हा काही किलोहर्ट्झचा डिमर मागा, दुकानातच मोबाइल समोर धरून मंद करून बघा.

मागच्या वर्षी सगळं पाच दिवस झकास चाललं, म्हणजे चौथ्या दिवसाची संध्याकाळ सोडून. मुलांचं नाटुकलं होतं, बाहेर धो धो पाऊस, ताडपत्री फडफडतेय, आणि मधेच लाइट आपोआप खाली यायला लागला. अगदी हळू, छान फेड. पोरांना वाटलं संपलं, तीन मावळे घाईने मुजरा करून आत गेले. मी अप्पांकडे बघितलं तर त्यांचे दोन्ही हात वर, मी नाही, मी नाही. डिमिंगची वायर मी जुन्या स्पीकरच्या वायरीने पंधरा मीटर लांब नेली होती, २३० च्या वायरीपासून फूटभर लांब, हे सगळं बरोबर केलं होतं, पण मधला जोड उघड्या कनेक्टरने केलेला आणि तो ताडपत्रीच्या नेमका धारेखाली. दोन स्क्रूंच्या मध्ये पाणी. मायक्रोअँपियरचा खेळ, पाण्याने दोन वायरींच्या मध्ये आणखी एक रेझिस्टन्स जोडल्यासारखं झालं, आणि पाऊस नॉब फिरवत बसला. कनेक्टर पुसला, वर धरला, लाइट परत वर. मावळे परत आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जोड सोल्डर करून त्यावर हीट श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी नळी, चढवली आणि झाकणाच्या डबीत बंद केला. नॉबच्या डब्यावर मार्करने लिहून ठेवलंय, "२२ के लॉग, ४ ड्रायव्हर. ड्रायव्हर वाढवला तर पॉट बदला." त्याच्या खाली दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात, "अप्पांना विचारल्याशिवाय हात लावू नये."